ताई सांगतील

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — घरात नाही, बाहेर नाही. आज तुमच्यापाशी का बोलतेय, तेही नीट कळत नाही.

मी लातूरची. घरी बसून औषधांच्या माहितीपत्रकांचं मराठी तपासते, कंपनी पुण्याची. अर्धापूरची सुनीता भाषांतर करायची, मी तपासायची. तीन वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. पण दुपारभर कॉल चालू ठेवायचो — न बोलता. तिच्याकडून केळीच्या पानांची सळसळ यायची, कधी कुकरची शिट्टी, कधी सासूचं पुटपुटणं. माझ्याकडून पंख्याची घरघर जात असेल. अर्धवट झोपेत असल्यागत वाटायचं. कुणीतरी शेजारी आहे, एवढंच. विश्वास असाच बसतो का? आमचा तरी असाच बसला.

एका दुपारी तिनं विचारलं, "ताई, लहान मुलांना गोळी अर्धी हाय का एक? मूळ कागद पुसट दिसून राहिलाय." मी डोळे मिटून पडले होते. माझ्याकडे स्वच्छ प्रत होती — उठून बघायचं, एवढंच काम. उठले नाही. "बघितलं गं, एकच आहे," म्हणाले.

अर्धी होती.

छपाईआधी चूक सापडली, कुणाला अपाय झाला नाही. पण साहेबांनी सगळ्यांना कॉलवर बोलावलं. सुनीता शांतपणे म्हणाली, "मी ताईंना विचारलं होतं सर. ताई सांगतील."

मग सगळे थांबले — माझ्यासाठी. किती वेळ? मोजून दहा सेकंद असतील, मला लई लांब वाटले. माझा माईक बंद होता, बोट त्याच्यावरच होतं. समोरच्या गच्चीत ज्वारी वाळत घातली होती, तिच्यावर कबुतरं उतरत होती, उडत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले... आणि कॉल तोडला. नंतर ग्रुपवर लिहिलं, नेटवर्क गेलं होतं.

त्याच आठवड्यात सुनीताचं काम गेलं. माझं राहिलं.

तिनं मला दोष दिला असता तर? — पण तिचा मेसेज आला: "ताई, नेमकं तेव्हाच तुमचं नेटवर्क गेलं बघा. मी सरांना म्हणलं, ताई असत्या तर बोलल्या असत्या."

मी उत्तर दिलं, "हाव गं, काहीच ऐकू आलं न्हाई."

शब्द न् शब्द ऐकला होता.

दर दिवाळीला ती अजून फोन करते. "ताई" म्हणते. मी "बोल" म्हणते.