पाहणाऱ्यांचं सीट

बातमी आली तेव्हा मी एका नवरदेवाच्या कोटाची बाही उसवत होतो. गोरेगावच्या बाजारातलं माझं शिलाईचं दुकान आणि जीपचा थांबा यांच्यामध्ये फक्त रस्ता आहे, त्यामुळे शेषरावभाऊंची भरलेली जीप मला मशीनवरूनच दिसत होती. सेनगावचे पासिंजर आत घाम पुसत बसले होते आणि कोणीतरी हॉर्न दाबत होतं. दोन घास खाऊन येतो म्हणून भाऊ घरी गेले होते... आणि इतक्या वर्षांत त्यांनी पासिंजर कधी ताटकळत ठेवले नव्हते. मी उठणार तेवढ्यात गयावहिनींचा फोन आला. "भाऊजी, जीप दुसऱ्या कोणाला न्यायला सांगा. तुमचे दोस्त उठून न्हाई राहिले." एवढंच बोलल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि आधी तो हॉर्न थांबवायला सांगितला.

त्याला आता दोन महिने होतील. मध्ये यंदाचा पट झाला आणि तिथं जे घडलं, त्यामुळे हे लिहावंसं वाटलं. ज्यांनी शंकरपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माळावर दोन सरळ पट्टे आखलेले असतात. त्यावरून बैलांच्या दोन जोड्या हलके छकडे घेऊन शेजारी शेजारी सुटतात आणि तंबाखू मळून होईपर्यंत खेळ संपलेला असतो. एवढ्या क्षणभराच्या गोष्टीसाठी माणसं दिवसभर उन्हात उभी राहतात. त्यात सगळ्यात पुढे भाऊ असायचे. कुठल्या गावी पट आहे हे त्यांना पत्रिका छापण्याआधी कळायचं, आणि त्या दिवशी त्यांची जीप दुसऱ्या कुठल्याही गावाला जात नसे. लग्नाचं वऱ्हाडही त्यांनी दोनदा असं अर्ध्या वाटेत पटाला नेलं होतं. दुसऱ्या वेळी तर खुद्द नवरदेवच म्हणाला होता की थोडं थांबू.

भाऊंच्या दाराला मात्र कधी बैल नव्हता. हाच पुढं वादाचा मुद्दा झाला. मधली काही वर्षं पट बंद होते. बंदी उठल्यावर शेजारच्या एका गावी (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्याकडे कपडे शिवतात) नवे नियम करायला समितीची बैठक बसली. बैलवाले होते, देणगीदार होते, मंडपवालाही होता. भाऊ मला घेऊन गेले आणि म्हणाले की पाहणाऱ्यांचा एक माणूस समितीत घ्या. जोड्यांचा क्रम ऐनवेळी बदलतो, निकाल कानात सांगितल्यासारखे देतात, पाव्हण्याची जोडी हरली तर पुन्हा पळवतात; हे सगळं आम्ही नुसतं बघायचं का? अध्यक्ष विश्वनाथराव हसले. माणूस वाईट नाही, पण तीन जोड्यांचा मालक. "बैल आमचे, माळ आमचा. तुमचं काय हाय?"

"डोळे हायेत," भाऊ म्हणाले. "आमी न्हाई आलो तर तुमी कोणासाठी पळवून राहिले?"

चहा पाजून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

त्या वर्षीच्या पटात भाऊंनी जे केलं ते आमच्या भागात अजून सांगतात. विश्वनाथरावांची नावाजलेली जोडी सुटायच्या वेळी दोन्ही बाजूंच्या सगळ्या माणसांनी पट्ट्याकडे पाठ फिरवली. कोणी शिटी मारली नाही, टोपी उडवली नाही. ती जोडी आयुष्यभर आरोळ्यांवर पळालेली. अचानक एवढी शांतता ऐकून बैल बावचळले, अर्ध्यात आले, चालायला लागले आणि शेवटी उभे राहून आमच्या पाठींकडे बघत राहिले. ओळीनं सगळे इमानदारीनं तोंड फिरवून उभे, आणि एकच माणूस फितूर झाला. तो म्हणजे स्वतः भाऊ. त्यांनी मान वळवून बघितलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मीही बघितलंच... पण ते त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या हंगामात समितीत जागा मिळाली. खुर्ची मात्र तुमची तुम्ही आणा म्हणाले. भाऊंनी जुन्या जीपचं पुढचं सीट काढलं आणि त्याला लोखंडी पाय जोडून घेतले. मी त्याला निळ्या रेक्झीनचं कव्हर शिवलं आणि पाठीवर पिवळ्या दोऱ्यानं 'पाहणारे' असं काढून दिलं. ड्रायव्हरशेजारचं दोन माणसांचं सीट ते, पण भाऊ डाव्या कडेला सरकून बसत आणि अर्धी जागा मोकळी ठेवत. ज्याची तक्रार असेल त्यानं येऊन शेजारी बसावं आणि बोलावं. बसतही ते पोक काढून. मी शिवलेल्या शर्टाची पाठ त्यानं ताणायची, म्हणून मी दर वेळी कुरकुर करायचो. "मास्तर, तुमी पट बघा," एवढंच म्हणायचे.

पण ती जागा त्यांना महागात पडली. पहिल्याच वर्षी शेवटच्या फेरीत आमच्या गावची जोडी होती. शेवटची रेषा जवळ आली तशी आपली माणसं आनंदानं पट्ट्यात घुसली, पलीकडची जोडी बुजली आणि आपण जिंकलो. पंचांनी निकाल दिला, गुलाल उधळला. तेवढ्यात भाऊ उठले. "चूक पाहणाऱ्यांची झाली. ही दौड न्हाई धरायची. पुन्हा पळवा." दुसऱ्यांदा आपण हरलो. वर त्यांनी पाहणाऱ्यांसाठी पहिला नियमही मांडला, की सगळ्यांनी दोरीच्या मागं उभं राहायचं. आठवडाभर गोरेगावातलं कोणी त्यांच्या जीपमध्ये बसलं नाही. रिकामी जीप हॉर्न वाजवत सेनगावला जायची आणि तशीच यायची. मीही बोलत नव्हतो. आज त्याची लाज वाटते. शेवटी वहिनींनीच त्यांना सुनावलं. ते नंतर मला हसत सांगायचे. "लोकानला बोलायचा हक पाहिजे म्हणून नाचले ना तुमी? आता ते बोलून राहिले. काहून तोंड पाडता?" नवव्या दिवशी मी मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसलो, काम नसताना, सेनगावापर्यंत. पुढच्या पटाला दोरी बांधायला तीच रुसलेली माणसं सगळ्यात आधी पोचली.

यंदाच्या पटाला गयावहिनी पहिल्यांदाच आल्या. समितीनं सीट पुसून ठेवलं होतं. त्यावर भाऊंचा मोठा फोटो, झेंडूचा भरगच्च हार. विश्वनाथराव भोंग्यावरून बोलताना अडखळले, आणि ते खोटं नव्हतं. म्हणाले, शेषरावांच्या सन्मानार्थ हे आसन आता कायम रिकामं राहील. सगळा माळ टाळ्या वाजवत होता. माझेही डोळे भरून आले होते. वहिनींनी मला हळूच विचारलं, "म्हंजे भाऊजी, आता तुमच्याकडून कोण बोलन?"

आमच्यापैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. आमची जागा जात होती आणि आम्हीच टाळ्या वाजवत होतो.

वहिनी उठल्या. पदर सावरून सीटपर्यंत गेल्या, हारासकट फोटो उचलून छातीशी धरला आणि विश्वनाथरावांना म्हणाल्या, "ह्यांना घरी जागा हाय. हितं बोलणारा माणूस बसवा." विश्वनाथराव दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी भोंगा आमच्याकडे दिला. कोणाला बसवायचं यावर दोरीच्या मागं बराच गलका झाला, हात वर झाले आणि माझं नाव निघालं. का, ते कळलं नाही. बहुधा माझं दुकान सगळ्यांना सापडतं म्हणून.

मी बसलो. माझंच रेक्झीन, माझीच शिलाई. डाव्या कडेला सरकलो, ते बसल्यावर लक्षात आलं. दोन फेऱ्या झाल्या असतील, तोच मागून दोरीखालून वाकून एक म्हातारे आले आणि मोकळ्या अर्ध्या जागेवर टेकले. ओळखीचे नव्हते. तक्रार सांगा, म्हणालो.

"मागं आमाला कायबी दिसून न्हाई राहिलं," ते म्हणाले. "तुमचं डोकं आडवं येऊन राहिलं."

मी पोक काढून बसलो. इतके हंगाम भाऊ असे का बसत होते, ते मला तेव्हा कळलं.