शेवाळाला वर बोलावणाऱ्या शैलाताई

शैलाताई देवरे यांची आणि माझी पहिली भेट सुरतेजवळच्या इच्छापोरच्या त्यांच्या कारखान्यात झाली. मी केमिकल इंजिनिअरिंगची परीक्षा नुकतीच पास झाले होते आणि मुलाखतीसाठी ठेवणीतला पंजाबी ड्रेस घालून गेले होते. ऑफिसात कुणीच नव्हतं. शेडमध्ये डोकावले तेव्हा एका उंच टाकीच्या शिडीवरून डोक्यावर हेल्मेट घातलेल्या, सुती साडी कमरेला घट्ट खोचलेल्या एक बाई खाली उतरत होत्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूच्या टेबलावर ठेवली, डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वर चढ आणि आत काय दिसतं ते सांग."

मी चढले. आत गढूळ पाणी संथ फिरत होतं, तुरटीने गाळाच्या गुठळ्या होऊन त्या हळूहळू तळाशी बसत होत्या, आणि काठावरून नितळ पाणी ओसंडत होतं. पुस्तकातली आकृती मी पाठ केली होती, पण ती अशी जिवंत पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. खाली आले तर ताईंनी एकच प्रश्न विचारला, "आवडलं का बघायला?"

"हो. अजून थोडं बघितलं असतं."

"मग सोमवारपासून ये."

अशी माझी निवड झाली, आणि त्या सोमवारपासून आजपर्यंत मी ताईंच्याच हाताखाली आहे. यंदा ताई साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. उलट कुठे थांबायचं हीच काळजी होती.

ताईंना न ओळखणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगते. त्यांचे वडील धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेत लूम चालवायला आले आणि भेस्तानला राहिले. ताई तिथेच वाढल्या. दिवसा नोकरी करत त्यांनी डिप्लोमा केला, मग डिग्री. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीत बरीच वर्षं काढल्यावर त्यांनी स्वतःचा कारखाना उभा केला. तिथे त्या आडवळणाच्या गावांसाठी जलशुद्धीकरण आणि सांडपाण्याचे छोटे प्लांट बनवतात. अख्ख्या गावाला पुरेल, पण ट्रकवर किंवा कंटेनरमध्ये चढेल, असा प्लांट. डांगच्या डोंगरात, कच्छच्या सीमेजवळ, ईशान्येकडे आणि समुद्रापलीकडे आफ्रिकेतही त्यांची यंत्रं चालू आहेत.

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे, तर तो प्रसंग सविस्तर सांगते. ताई कशा आहेत हे मला त्यातून जितकं कळलं, तितकं दुसऱ्या कशातून कळलं नाही.

टांझानियातल्या एका मोठ्या सरोवराकाठच्या गावातल्या सरकारी इस्पितळासाठी आमचा प्लांट निघाला. उभारणीला मी जावं असं ताईंना वाटत होतं. माझे बाबा बँकेतले, सरळमार्गी आणि काळजीखोर. त्यांनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई स्वतः आमच्या घरी आल्या. आईने पोहे केले. ताईंनी ते खाल्ले, आणखी मागून घेतले, आणि मग बाबांकडे वळल्या.

बाबा म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे. पण इतक्या लांब. तिथं काही अडलं तर तिनं कुणाकडे बघायचं?"

"माझ्याकडे," ताई म्हणाल्या. "अडलं तर मी जाईन."

बाबांनी ताईंकडे एकदा नीट पाहिलं. मग आईला म्हणाले, "हिच्या स्वेटरचं बघ. सरोवराकाठी वारा असेल."

मी गेले, आणि पोचल्या पोचल्या त्या गावाच्या प्रेमात पडले. पाण्याला तिथे 'माजी' म्हणतात. स्वच्छ पाणी म्हणजे 'माजी साफी'. मला आपले माजी आमदार आठवायचे आणि एकटीलाच हसू यायचं. इस्पितळाच्या मेट्रन दांडग्या आणि प्रेमळ. प्लांट चालवायला त्यांनी नीमा नावाची एक तरुण तंत्रज्ञ मला जोडीला दिली होती. आम्ही दोघींनी मिळून यंत्र उभं केलं, पाणी नितळ आलं, बाळंतिणींच्या वॉर्डातला नळ सुरू झाला. मी सुरतेला फोन करून आनंदाने सांगितलं.

आणि मग वारा फिरला. सरोवरातलं हिरवं शेवाळ आमच्या काठाला येऊन साचलं आणि पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं झालं. आमच्या प्लांटची सगळी भिस्त घाण तळाशी बसण्यावर. हे शेवाळ बसेना. तुरटी वाढवली तरी गुठळ्या मधेच लोंबकळत राहायच्या आणि पुढे जाऊन वाळूचे फिल्टर गच्च करायच्या. फिल्टर धुवावेत, तर लगेच पुन्हा गच्च. वॉर्डातला नळ बंद पडला. बायका पुन्हा सरोवरातून बादल्या भरून आणू लागल्या. पाण्याच्या खात्याचे जिल्हा अधिकारी येऊन गेले आणि सौम्य आवाजात म्हणाले, "तुमचं यंत्र छान आहे, पण आमच्या सरोवराचं नाही. हे काढून न्यावं लागेल असं दिसतं." मेट्रन फक्त बंद नळाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि ते मला जास्त लागलं.

मी ताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येते."

त्या आल्या. विमानं बदलत आणि पुढे खडखडणाऱ्या बसने असा लांबचा प्रवास करून आल्या, तरी हातपाय धुऊन थेट प्लांटवर हजर. मेट्रननी त्यांना आदराने 'मामा' म्हटलं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथं तर माझा मामाच झाला की." कितीतरी दिवसांनी मी हसले.

मग त्यांनी काचेच्या बरण्या मागवल्या. प्रत्येकीत सरोवराचं पाणी, थोडी तुरटी, हळू ढवळणं. बरण्या उन्हात ओळीने मांडून त्या समोर मांडी घालून बसल्या. नीमा आणि मी दोन्ही बाजूंना. गुठळ्या झाल्या, नेहमीसारख्या मधेच थांबल्या, आणि मग त्यांतल्या काही हळूच वर सरकू लागल्या. ताई पुढे वाकल्या.

"बघतेस का? आपण याला खाली ढकलतोय आणि याला वर जायचंय. शेवाळ हलकं असतं, त्याच्या पोटात वारा असतो. जाऊ दे ना वर. आपण मदत करू."

मदत म्हणजे हवेचे बुडबुडे. दाबाखाली पाण्यात हवा मुरवायची आणि ते पाणी टाकीच्या तळाशी सोडायचं. दाब सुटला की हवेचे अगदी बारीक बुडबुडे होतात, गुठळ्यांना चिकटतात आणि त्यांना उचलून वर आणतात. ही पद्धत मोठ्या शहरांच्या प्लांटमध्ये असते, हे मलाही माहीत होतं. पण तिथे, त्या गावात, ती उभी करायची कशातून? ताईंनी आमच्याच सामानाकडे बोट दाखवलं. कोळशाच्या फिल्टरचं एक जादा पात्र पडून होतं. दाब सहन करायला ते बनवलेलंच होतं. आता फक्त कॉम्प्रेसर हवा होता.

बाजारात हार्डवेअर आणि गॅरेज चालवणारे एक वृद्ध गुजराती गृहस्थ होते, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेल्या घराण्यातले. ताईंनी दुकानात पाऊल ठेवलं आणि सरळ गुजरातीत सुरुवात केली, "भाई, सुरतथी आवी छुं. थोडा दिवस माटे कॉम्प्रेसर जोईए."

म्हातारबाबांनी चष्मा वर केला. "सुरतनां बहेन मांगे ने हुं ना पाडुं?" ते म्हणाले आणि कॉम्प्रेसर तर दिलाच, शिवाय घरून खाखरे आणि छुंदा पाठवला.

पुढचे दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात. पत्रे कापले, टाकीत आडवे पडदे बसवले, पाइप जोडले, सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा तपासला. ताई प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून स्वतः बघत. काम पुढे सरकेल तसा बघ्यांचा घोळका वाढत गेला. सुरू करायच्या सकाळी जिल्हा अधिकारीही येऊन उभे होते. ताईंनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि नीमाला म्हणाल्या, "व्हॉल्व्ह तू उघड. यंत्र तुला चालवायचंय."

नीमाने व्हॉल्व्ह फिरवला. तळाशी सूं असा आवाज झाला आणि टाकीतलं हिरवं पाणी तळापासून पांढरं होत होत काठापर्यंत दुधासारखं झालं. मग ते दूध निवळू लागलं. खालून पाणी नितळ, पारदर्शक होत गेलं आणि वर जाड हिरवी साय धरली. सगळं शेवाळ वर, एकगठ्ठा. ताईंनी लाकडी फळीने ती साय काठाकडे ओढली, तशी टाकीच्या तळावरच्या वेल्डिंगच्या रेघा दिसू लागल्या. मला रडू आलं आणि हसूही. मेट्रननी मला उचलूनच घेतलं की काय वाटावं, इतक्या जोरात त्यांनी मिठी मारली.

फिल्टरमधून आलेलं पाणी ताईंनी लगेच कुणाला पिऊ दिलं नाही. क्लोरिन झालं, तपासणी झाली, निकाल चांगला आला, तेव्हाच वॉर्डातला नळ उघडला. नुकत्याच बाळंत झालेल्या एका बाईने पेला भरून उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "माजी साफी." जिल्हा अधिकाऱ्यांनी ताईंचा हात हातात घेतला. "आता हे यंत्र आमच्या सरोवराचं झालं," ते म्हणाले. पुढे आम्ही सुरतेहून नवा कॉम्प्रेसर पाठवला; वारा कितीदा फिरला, पण नळ बंद पडला नाही. नीमाने शेजारच्या गावातल्या दोघींना तेच काम शिकवलंय, आणि तिचे फोटो आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर येत असतात.

ताईंचं यश हे असं आनंदाचं आहे. पण त्या प्रसंगी कठोरही होतात. एकदा कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याचे मालक सांडपाण्याच्या प्लांटचं मोठं काम घेऊन आले. आराखडा पसंत पडला. जाता जाता ते म्हणाले, "बेन, बाजूने एक नानी, छोटीशी पाइप काढून ठेवा ने. कधी लोड जास्त झाला तर सीधा खाडीत." ताईंनी आराखड्याची गुंडाळी करून आपल्याकडे ठेवली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जा." काम गेलं. त्या वर्षी आम्हाला त्याची चांगलीच गरज होती. कुणी हळहळलं तर ताई म्हणत, "खाडीकाठी पण माणसंच राहतात रे."

आणि घरच्या ताई वेगळ्याच. भेस्तानच्या त्यांच्या घरी अजून अहिराणी चालते. त्यांच्या आई नव्वदीकडे झुकल्या आहेत. कारखान्यातलं कुणीही गेलं की त्या आधी विचारतात, "जेवणं का?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणतात, "जेवीसन जाय." कोसाडहून येणारा आमचा वेल्डर आजारी पडला, तेव्हा ताई रोज संध्याकाळी त्याच्याकडे डबा घेऊन जात होत्या. त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून आम्हाला कळलं. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना "ही महिनोन्‌महिने बाहेरगावी असते" हे कसं सांगायचं या विवंचनेत मी होते. ताईंनी त्या सगळ्यांना कारखाना बघायला बोलावलं आणि सासूबाईंना शिडीवर चढवलं. त्या दिवसापासून माझी बॅग सासूबाईच भरतात.

सध्या शेडमध्ये लडाखच्या एका वस्तीसाठी प्लांट तयार होतोय. पाणी गोठू नये म्हणून पाइपांना कसं पांघरूण घालायचं यावर रोज वादावादी चालते, आणि सगळ्यात मोठा आवाज ताईंचा असतो. तिथे उभारणीला आपणच जाणार असं त्यांनी जाहीर केलं आहे.

ताई, चढावर हल्ली तुम्हाला दम लागतो. डॉक्टरांपासून तुम्ही ते लपवता, आमच्यापासून लपत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलंय की तुम्ही दोन दिवस खालच्या गावात थांबून हवेला सरावायचं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, आणि पात्रं, पाइप, पंप आम्ही वाहायचे. तुम्ही फक्त उभं राहून चुका काढा. अशाच चुका काढत, तब्येत सांभाळत, शंभरी ओलांडा. अजून पुष्कळ गावांत नळ यायचाय, आणि तो उघडताना आम्हाला तुम्ही शेजारी हव्या आहात.