आमच्या घराण्याचं डच जहाज

आमच्या घरात एक डच जहाज होतं आणि ते बाबा सोडून कोणालाच नको होतं.

म्हणजे चित्र हो! जाड लाकडी फळीवर उसळता समुद्र आणि मधोमध शिडांचं जहाज. नागपूर सोडून जाणाऱ्या कुण्या साहेबानं ते 'डच आहे' म्हणून आजोबांना दिलं (खुर्च्या-टेबलं बाकीच्यांनी आधीच नेली होती!) आणि आजोबांनंतर ते बाबांचं झालं. बाबांनी समुद्र कधी पाहिला नाही. अंबाझरी तलावापुढे त्यांचा दर्यावर्दीपणा गेलाच नाही. पण जेवून उठले की त्या जहाजासमोर हात मागे बांधून कप्तानासारखे उभे राहायचे.

पुढे बाबा दादाकडे राहायला गेले आणि जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. दादानं भिंती रंगवल्या, जहाज माझ्याकडे. मी मोठा टीव्ही घेतला, जहाज दादाच्या माळ्यावर.

"तू मोठा, मान तुहा!"

"तू लहान, लाड तुहे!"

भिंतीवर दिसेना म्हणून बाबांनी विचारलं की दोघंही सांगायचो, "तिकडं आहे, मजेत आहे!"

गेल्या मे महिन्यात बाबा रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती झाले. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बाबा म्हणाले, "माह्यं जहाज आन गा. एकडाव पाहून घेतो."

मी दादाला फोन लावला.

"तुह्याचकडे आहे!"

"माह्याकडे? काहीही!"

दोघांनी मिळून माझा दिवाण उपसला, माळा उपसला. शेवटी बायको म्हणाली, "खिडकीतल्या कूलरच्या बाजूच्या फटीत माळ्यावरची फळी ठोकली होती ना तुम्ही? उलटून पाहिली होती का?"

नव्हती पाहिली! (मापात बसली म्हणून स्वतःची पाठ मात्र थोपटली होती.)

दादानं फळी उपटली. कूलरच्या खसाच्या (वाळ्याच्या) ताट्यांतलं पाणी पिऊन समुद्र हिरवट पडला होता, आणि जहाजाच्या जागी उघडं लाकूड! कुठल्या वादळाला जमलं नाही, ते आमच्या कूलरनं केलं.

दवाखान्यात बाबांनी डोळे बारीक केले. "पानी तं दिसते. जहाज कुठं गेलं गा?"

दादा माझ्याकडे पाहू लागला. माझ्या तोंडून निघालं, "बंदराले लागलं, बाबा."

"पोचलं म्हना. बरं झालं." बाबांनी फळीवरून हात फिरवला, मग हळूच विचारलं, "पन याले खसाचा वास काहून येऊन राहिला?"

मी घाईनं फळी चादरीत गुंडाळली. त्याच आठवड्यात बाबा गेले.

आता ती फळी दादालाही हवी आहे आणि मलाही. जहाज होतं तेव्हा खलाशी मिळेना. बुडाल्यावर दोन-दोन कप्तान!

यंदा कूलरच्या फटीसाठी मी पुठ्ठा आणला. चारदा उलटून पाहिला. दोन्हीकडून कोरा होता. तरी माझ्याच्यानं ठोकवला नाही. फट उघडीच आहे, झळा खातो आहे.