बाईंनी वर केलेला हात

बाईंचा उजवा हात वर गेला की समोरचा माणूस जागच्या जागी थांबायचा. एनएमआर मशीनच्या खोलीत किल्ल्या-घड्याळ घेऊन शिरणारा कुणीही असो, आमचे संचालक का असेनात, हात वर. "आधी खिसे रिकामे करा." आत माणसापेक्षा उंच लोहचुंबक आणि त्याच्या पोटात, काचेच्या बारीक नळीत, बाईंचं प्रथिन. परळच्या त्या प्रयोगशाळेत मी मशीन सांभाळायचो, म्हणजे बाईंची बोलणी खायचो.

पेशींची बेसुमार वाढ रोखणारं हे प्रथिन. ते बिघडलं की गाठ वाढते. त्याच्यावर रेडिओलहरी सोडायच्या, त्यातला एकेक अणू काय उत्तर देतो ते टिपायचं आणि त्यावरून त्याचा आकार ठरवायचा, हे बाईंचं आयुष्यभराचं काम. तुम्ही म्हणाल, हल्ली संगणकच आकार सांगतो की! मशीनचा वेळ वाटून देणारी आमची समितीही हेच म्हणाली. संगणकाने प्रथिनाचं शेपूट सैल दोऱ्यासारखं दाखवलं होतं. बाईंचं म्हणणं, जोडीदार प्रथिन भेटलं की हे शेपूट घट्ट आकार धरतं, आणि पेशंटमध्ये बिघाड नेमका तिथेच सापडतो.

"यातून औषध कधी निघेल?" समितीने विचारलं. पाच वर्षं म्हणा, असं आम्ही बाईंना पढवून ठेवलं होतं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कॅन्सर हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर बसलेले पेशंट रोज बघत येते मी. त्यांच्या नावाने थापा मारणार नाही."

झालं! मशीन दुसऱ्यांना दिलं. बाईंची निवृत्ती तोंडावर. उरले फक्त गणपतीतले शेवटचे चार दिवस, कारण लालबाग-परळमध्ये तेव्हा कामावर येतो कोण? बाई लालबागच्याच. घरचे गौरी-गणपती पोचवले आणि तशाच आल्या. मोजणी सुरू झाली. प्रथिन तेवढंच, तेही चार दिवसांत नासणारं. दुसरी संधी नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारी विसर्जनाची मिरवणूक आमच्याच फाटकावरून. ढोलांचा हादरा मशीनपर्यंत पोचला की सगळी मोजणी पाण्यात. मी म्हटलं, बाई, आज इथे देवालाही ढोल थांबवता येणार नाहीत. बाई पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर गेल्या आणि मिरवणुकीसमोर हात वर केला. मी लाजेने अर्धा झालो.

मंडळाचा अध्यक्ष बाईंच्याच चाळीतला. "काय गं मावशी, तुझ्या मशीनचं डोकं दुखतं काय?"

"दुखतं रे बाबा. कॅन्सरचं काम आहे. इथून कोपऱ्यापर्यंत गप्प चला. औषध लगेच निघणार नाही हां, आधीच सांगते."

त्याने मागे वळून हात वर केला. ढोल थांबले. गुलालाने माखलेली शे-दोनशे माणसं गाडी ढकलत आमच्यासमोरून मुकाट गेली. कोपऱ्यावर ढोल पुन्हा सुरू झाले.

शेपटाने आकार धरला होता. समितीने नंतर टाळ्या वाजवल्या; बाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मला याचा अजून आनंद होतो, कशाला लपवू?

बाई निवृत्त होऊन मालवणकडच्या गावी गेल्या. यंदा विसर्जनाच्या दिवशी मशीनवर काहीच लावलेलं नव्हतं. मी उगाच पायऱ्यांवर उभा होतो. मिरवणूक फाटकाशी आली आणि ढोल थांबले. हात कुणीच वर केला नव्हता. मी बाईंना फोन लावून रस्त्याकडे धरला.

"अरे, काहीच ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच ऐकवतोय, बाई."

मिरवणूक कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याही काही बोलल्या नाहीत.