टॉमीच्या कबरीवरची वेल

लोको शेडमध्ये किस्से राखेसारखे साचतात. रोज उपसा, सकाळी पुन्हा ढीग आहेच. बाकीचे आम्ही चहावर रंगवून सांगतो. टॉमीच्या वेलीचा किस्सा कुणी हसत सुरू केला, तरी मध्येच चहा निवतो.

स्वातंत्र्यानंतर गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून निघाली. डिक ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांचा लहानगा टॉमी तापानं गेलेला, तो इथल्या कबरस्तानातच राहिला. गाडी सुटताना मेमसाहेबांनी डिकच्या फायरमनचा, मुर्री गावच्या टेंभरेचा, हात धरला. "वहाँ की बेल के बीज भेजूँगी. टॉमी पर चढ़ा देना."

टेंभरे 'हो' म्हणाला आणि अडकला.

*

पहिलं पाकीट आलं. वेल जांभळ्या फुलांची, नाव आमच्यापैकी एकालाही उच्चारता येईना. टेंभरे पिढीजात धानवाला. त्यानं कबरीपाशी चिखल केला, बांध घातला आणि धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकावेत तसं बी टाकलं. सगळं कुजलं.

"पाण्याबिगर बी कसं उगवन, बाबू?" तो मलाच, शेडच्या कारकुनाला, विचारायचा.

*

दुसऱ्या पाकिटासोबत निरोप होता: बी टणक आहे, गरम पाण्यात भिजवा. शेडमध्ये गरम पाण्याला काय तोटा! टेंभरेनं थेट इंजिनातलं उकळतं पाणी ओतलं. फोरमननं बी दाबून पाहिलं. "नमक डालो और खा लो."

टेंभरेचा चेहरा बघून त्यानंच ते बी अलगद परत ठेवलं.

*

तिसऱ्या खेपेला एक रोप खरंच वर आलं. ड्यूटी संपली की टेंभरे अंगावरचा कोळसा न धुता तिकडे जायचा. ओल्या पोत्याची सावली करून त्यानं ते उन्हाळाभर जगवलं.

मग मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार असं कळलं. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे जे जागचं हलत नाही त्याला चुना मारतात. कबरीही सुटल्या नाहीत. उरलेली बादली गँगवाल्यांनी रोपाच्या मुळाशी ओतली, कीड लागू नये म्हणून.

साहेब कबरस्तानाकडे फिरकले नाहीत, रोप मात्र चुन्यानं करपलं. टेंभरे त्या दिवशी जेवला नाही, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

*

पुढे पाकीट आलं नाही. पावसाळ्यात खबर आली: मेमसाहेबांची बहीण खरगपूरहून हिवाळ्यात येणार, वेल बघून तिकडे कळवणार.

"बाईले काय दाखवू?" टेंभरे रडकुंडीला आला. "आई होय ना थे. वाट पाहून राहिली तिकडं."

शेवटी त्यानं घरचा वाल लावला. फुलं जांभळी, वेल जोमाची. कबर झाकून गेली.

बहीण आली तेव्हा फुलांसोबत शेंगाही लटकत होत्या. आम्ही मान खाली घालून उभे. तिनं एक शेंग बोटांनी चाचपून पाहिली.

"ये तो सेम की फली है."

"हाँ, मेमसाब," टेंभरे म्हणाला.

"तोड़ते नहीं?"

"टॉमी बाबा की है. कौन तोड़ेगा?"

तिनं रुमाल पसरला आणि एकेक शेंग खुडून त्यात ठेवली.

"टॉमी तो सब्ज़ी देखते ही भागता था," ती म्हणाली, आणि अर्ध्या शेंगा तिनं टेंभरेच्या ओंजळीत घातल्या.