इन्साफची हनुवटी आणि लेझरचं यंत्र

इजिप्तमधल्या दुमियातच्या फर्निचरबाजारात एके काळी कुजबुज होती, की इन्साफच्या हनुवटीपुढे लेझरचं यंत्र जळून गेलं. नुसतं जळलं नाही, धूर निघाला, आणि डॉक्टरीणबाई बिस्मिल्ला म्हणत दाराबाहेर पळाल्या. बाजारातला पॉलिशवाला तर शपथेवर सांगायचा, की यंत्र दुरुस्तीला कैरोला गेलंय आणि तिथले कारागीर विचारताहेत, "अहो, हे चालवलंत तरी कुणाच्या दाढीवर?"

इन्साफ नवऱ्यामुलींच्या सामानाच्या दुकानात विक्रेती होती. जीभ तिखट, हिशोब चोख, आणि हनुवटीवर काळेभोर राठ केस. बरं, नोकरी कुठे मिळावी बाईला? तर जिथे भिंतीभिंतीला आरसे! पलंगाला आरसा, कपाटाला आरसा, शृंगारटेबलाला तर तीन. जिकडे वळावं तिकडे आपलीच हनुवटी, सोनेरी महिरपीत बसवलेली. गिऱ्हाईक आरशात स्वतःला न्याहाळायचं आणि इन्साफ त्याच्या खांद्यावरून आपल्या हनुवटीवरचा एखादा चुकार केस शोधत बसायची.

तिची आई बहीया दर गुरुवारी साखर-लिंबाचा पाक आटवायची, बोटांत मळून त्याचा हलावा करायची, लेकीच्या हनुवटीवर थापायची आणि खस्सकन ओढायची. आजवर तेवढ्यावर भागत होतं. पण रुश्दीशी लग्न ठरलं. रुश्दी कुवेतला एसी दुरुस्त करायचा. ईदनंतर लग्न, आणि मग बिऱ्हाड सासूच्या घरात. हजला जाऊन आलेली सासू हज्जा तफीदा म्हणजे दोन मजले खालून कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते सांगणारी बाई! तिथे हलाव्याचा वास लपायचा कसा? इन्साफने ठरवलं, लग्नाआधी ही हनुवटी कायमची साफ झालीच पाहिजे.

ती लेझरवाल्या डॉक्टर निवीनकडे गेली. निवीनबाईंनी बजावलं, "नीट ऐक. दोरा नाही, चिमटा नाही, हलावा तर मुळीच नाही. येण्याच्या आदल्या दिवशी फक्त वस्तरा फिरवायचा."

घरी येऊन तिने हे सांगितलं मात्र, बहीयाने हातातला झारा आपटला.

"वस्तरा? पोरीच्या तोंडावर? मग मिशाही राख, पीळ द्यायला मी येते! रुश्दी नि तू एकाच आरशात दाढी करा!"

"अगं आई, डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टर काहीही म्हणेल. वस्तऱ्याने केस दुप्पट होतात, हे आमच्या आईला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं. आणि परक्या बाईपुढे खुंट घेऊन जाणार तू? आमच्या घरच्या पोरी डॉक्टरकडे स्वच्छ जातात. बस इथे. मान वर!"

इन्साफने मान वर केली. खरं सांगायचं तर तिलाही खुंटांची लाजच वाटत होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "वस्तरा फिरवून आलीस ना?" तर ही म्हणाली, "हो तर!" आणि नर्सने तिच्या गुळगुळीत हनुवटीचं कौतुकही केलं.

डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर गार जेल, मग टक्, टक्, टक्. बाहेर बसलेल्या बायका सांगायच्या, रबर ताणून सोडल्यासारखं लागतं, जळका वास येतो. इन्साफला ना काही लागलं, ना वास आला. उलट ती ऐटीत म्हणाली, "आमच्या आईच्या हातचं सोसलंय मी. हे तर गुदगुल्या!"

पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आदल्या संध्याकाळी हलावा, दुसऱ्या दिवशी टक् टक्, आणि थोड्या दिवसांत केस पुन्हा हजर, जणू गावाला जाऊन आले. इन्साफ आरशांवर चिडली, गिऱ्हाइकांवर चिडली, एका नवरीला तर म्हणाली, "घ्यायचा तर घ्या आरसा, तोंड तेच दिसणार!" बहीयाने घरभर धूप फिरवला. "नजर लागलीय. त्या पॉलिशवाल्याच्या बायकोचीच!"

ईद तोंडावर आली तशी इन्साफ दवाखान्यात जाऊन टेबलावर हात आपटती झाली. "तुमचं यंत्र आहे की खेळण्यातली बॅटरी?"

निवीनबाईंनी भिंगातून हनुवटी पाहिली. मग पुन्हा पाहिली. "तुला कधी लागलं?"

"छे! मी काय लाडावलेली आहे?"

"जळका वास?"

"नाही."

"काल काय केलंस?"

इन्साफने ओढणी हनुवटीवर ओढली. मग हळूच म्हणाली, "हलावा."

"प्रत्येक वेळी?"

"आई ऐकतच नाही हो."

डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकल्या. "अगं, हा उजेड केसाच्या काळ्या रंगाला धरून मुळापर्यंत उतरतो नि मूळ भाजतो. तू मुळासकट उपटून येतेस! इतके महिने मी रिकाम्या भोकांना उजेड दाखवत होते. मी सांगितलं नव्हतं?"

"मला सांगितलंत. आईला कुठे सांगितलंत?"

"आता महिनाभर तरी उपटू नकोस. वस्तरा चालेल. मग सुरुवात करू."

"सुरुवात? लग्न ईदनंतर आहे!"

"केस पाळीपाळीने जागे होतात, सगळे एका खेपेत सापडत नाहीत. बऱ्याच खेपा लागतील. आणि हनुवटीचे केस हार्मोनमुळे असू शकतात, रक्तही तपासून घे. कमी होतील, बारीक होतील. मधूनमधून यावं लागेलच."

"बाहेर पाटीवर कायमचं लिहिलंय!"

"ती दवाखान्याच्या मालकांनी रंगवून घेतलीय. मी नाही."

इन्साफ घरी आली ती वस्तरा घेऊनच. बहीया रडली, ओरडली, शेवटी अबोला धरला. लग्न पुढे ढकलणं शक्य नव्हतं. पलंग-कपाट बनून तयार होतं. अखेर इन्साफने कुवेतला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हनुवटी, केस, वस्तरा, सगळं.

मग रुश्दी म्हणाला, "बरं. फक्त माझा वस्तरा वापरू नकोस हं, धार जाते."

इन्साफने फोन ठेवला आणि सुटकेने हसायचं सोडून चिडून उशीला गुद्दे मारले. एवढ्यासाठी आपण इतके महिने मान वर करून बसलो!

लग्नानंतर ती बारीक खुंट घेऊन दवाखान्यात गेली, आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याच टक्‌ला ती अशी किंचाळली, की बाहेरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाठोपाठ दाराच्या फटीतून जळका वास आला. त्या बायकांत पॉलिशवाल्याची बायको होती.

यंत्राला काहीही झालं नव्हतं. जळला तो केस. त्याआधी जळायला मुळात केसच नव्हता, तो आदल्या संध्याकाळी आईच्या हलाव्यात गेलेला असायचा.