काकूंना कळवलेला नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातल्या फालतू कुरबुरीसुद्धा सांगतो. मग आज का? खरं सांगू? लपवण्याचाच कंटाळा आलाय.

गोष्ट कमिटीची आहे, म्हणजे रटाळच. २०१६च्या सुमारास ऑकलंडमध्ये आमच्या भागात कौन्सिलने एक सल्लागार गट नेमला होता. निरनिराळ्या समाजांच्या संस्थांमधून एकेक माणूस, आणि अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी फिरतं. युरोपियन युनियनचं अध्यक्षपद देशादेशांत फिरतं ना, तसंच — असं कौन्सिलच्या अधिकारी बाई मोठ्या कौतुकाने सांगायच्या. आम्ही फक्त सल्ला द्यायचा. तो कुणी ऐकेलच असं नाही. तरीही फिरत फिरत खुर्ची मराठी मंडळाकडे, म्हणजे माझ्याकडे आली, तेव्हा मी नवा ब्लेझर घेतला. हसा खुशाल.

निमकर काकू अवोन्डेल उपनगरात मुलाकडे राहायच्या. काका आदल्या वर्षी इथेच गेले होते आणि त्यांच्या अस्थी काकूंच्या कपाटात होत्या. मुलगा म्हणत होता, मी नाशिकला नेतो. पण काकूंना त्या स्वतःच्या हाताने सोडायच्या होत्या, आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवास बंद केला होता. इथल्या नदीत गुपचूप सोडून येणारे होते. काकूंना चोरून काही करायचं नव्हतं. रविवारच्या बाजारातली मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "तू आता अध्यक्ष ना रे? मग विचार की त्यांना. एखादी रीतसर जागा द्या म्हणावं. नाही म्हणाले तर नाही."

विचारायचं होतं — एवढंच.

आणि विचारायची वेळही चालून आली. त्या बैठकीत दफनभूमीचा विषय होता. गटात एक वयस्क माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, गृहस्थ होते, फार मोजकं बोलायचे. ते म्हणाले, आम्ही ज्या पाण्यातून अन्न घेतो त्यात राख चालत नाही. पण तुमचं माणूस गेलं की तुम्हाला काय लागतं, ते तरी सांगा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसून म्हणालो, "आमचे लोक अस्थी इंडियाला नेतात. नो इश्यूज. ऑल गुड."

का म्हणालो? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारलाय! मला लाज वाटली — हे खरं उत्तर. त्या टेबलावर मला शहाणा, सुधारलेला, कुणाला अडचण न करणारा माणूस म्हणून दिसायचं होतं. राख, नदी, मंत्र... त्या ब्लेझरमध्ये ते माझ्या तोंडून निघेना. अधिकारी बाईंनी समाधानाने मान हलवली, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

इथपर्यंत तो भित्रेपणा होता. पुढचं त्याहून वाईट आहे.

काकूंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "विचारलं हो काकू. माओरी लोकांची हरकत आली." किती सहज बोललो! ज्या माणसाने आपणहून विचारलं होतं, त्याच्याच माथी नकार मारून मोकळा झालो. काकू फक्त "बरं" म्हणाल्या.

काकूंच्या शेजारी मेरे नावाची माओरी बाई राहायची. ती कुंपणावरून डबाभर फिजोआची फळं द्यायची, आणि काकू तो डबा कधी रिकामा परत करायच्या नाहीत — कधी लोणचं, कधी वड्या. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंच कळायचं आणि तरी तासभर उभ्या असायच्या. त्यानंतर काकूंनी डबा घासूनपुसून, रिकामा, कुंपणावर ठेवून दिला. मुलाने मला हे हसत सांगितलं; म्हाताऱ्यांचे रुसवे, म्हणाला. मला कारण माहीत होतं. मीही हसलो.

खुर्ची पुढे फिरली. माझ्यानंतर आलेल्या फिलिपिनो नर्सबाईंनी तोच विषय पुन्हा काढला, आणि त्याच माओरी गृहस्थांनी स्वतः हिंडून समुद्राकाठची एक जागा सुचवली — जिथे कुणी शिंपले वेचत नाही, ओहोटीला पाणी सरळ बाहेर जातं. कौन्सिलनेही मान्यता देऊन सगळ्या संस्थांना तसं पत्र पाठवलं. मंडळात हे कळवायचं काम माझं होतं. काकू तेव्हा हिंडत्याफिरत्या होत्या. गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. मी कळवलं नाही. कळवलं असतं तर काकूंनी विचारलं असतं, मग तेव्हा नाही कसं म्हणाले? मी ते पत्र दाबून ठेवलं, आणि पुढच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलाने दोघांच्याही अस्थी एकाच बॅगेत घालून नाशिकला नेल्या.

अंत्यविधीला मेरे आली होती. सगळ्यांच्या मागे उभी राहिली. नंतर गाड्यांपाशी मला गाठून तिने विचारलं, "माझं काही चुकलं होतं का? त्या एकदम बोलायच्याच बंद झाल्या."

तेव्हा तरी सांगता आलं असतं, नाही का? आसपास कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "नाही, नाही. वय झालं होतं त्यांचं. शेवटी शेवटी माणसं ओळखायच्या नाहीत."

काकू शेवटपर्यंत सगळ्यांना ओळखत होत्या.